उतारावरचे वीर

इटलीच्या डोंगरात सायकल चालवून आलो असं कोणी सांगितलं की जाणकाराच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा स्टेल्व्हियोचा घाट येतो. प्राटो गावातून सुटलेला हा रस्ता ४८ वळणं घेत २,७५० मीटरच्याही वर चढतो, आणि वळणावळणाला क्रमांकाची पाटी आहे, म्हणजे आपली किती शिल्लक आहेत हे विसरायचीही सोय नाही. ऑस्ट्रियाच्या साम्राज्याने १८२० ते १८२५ या काळात कार्लो दोनेगानी या अभियंत्याकडून तो बांधून घेतला. तेव्हा सायकलचा शोध पूर्ण व्हायचा होता. त्यामुळे दोनेगानीला दोष देता येत नाही.

१९५३ साली ‘जिरो दि’तालिया’ ही शर्यत पहिल्यांदा या घाटातून गेली. आघाडीवर असलेल्या ह्यूगो कोब्लेटला फाउस्टो कॉप्पीने याच चढावर मागे टाकलं आणि पाचवा जिरो खिशात घातला. १९६५ पासून तर त्या शर्यतीतल्या सर्वांत उंच ठिकाणाला ‘चीमा कॉप्पी’च म्हणतात.

आता ज्यांना कॉप्पी व्हायचं नाही, पण घरी सांगायला आल्प्स तर हवा आहे, अशा बहुसंख्य मानवजातीसाठी घाटाच्या पायथ्याशी व्हाल व्हेनोस्ता ही दरी आहे. अदिजे नदी हिच्या वरच्या टोकाला उगम पावते आणि सायकलींचा वेगळा रस्ता बराचसा तिच्याच सोबतीने उतरतो. रेझिया तलाव साधारण १,५०० मीटरवर, मेरानो शहर ३२५ मीटरवर. मधलं अंतर सुमारे ८० किलोमीटर. बाकीचं काम न्यूटनकडे.

रेझियाच्या तलावातून चर्चचा एक मनोरा वर आलेला दिसतो. चर्च नाही, गाव नाही, नुसता मनोरा. विजेसाठी बांधलेल्या धरणाचं पाणी १९५० मध्ये चढलं आणि कुरोन गाव शेतीभातीसकट बुडालं. १६३ घरं गेली. मनोरा चौदाव्या शतकातला म्हणून तेवढा राखला. हिवाळ्यात त्याच्या घंटा ऐकू येतात अशी दंतकथा आहे. घंटा मात्र पाणी चढण्याआधीच उतरवून नेल्या होत्या. काठावर सायकली आडव्या टाकून फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. बहुतेकांच्या चेहऱ्यावरचं हसू, समोर काय आहे हे माहितीफलकावर वाचल्यावर जरा ओशाळतं.

मग उतार सुरू होतो. उजवीकडच्या डोंगरावर मारियेनबर्गचा पांढराशुभ्र मठ दिसतो, पण बघायला मान वळवायची कोणाची छाती होत नाही. एवढ्यात चढाच्या दिशेने एक आजीबाई येतात. ताठ बसलेल्या, पुढच्या टोपलीत भाजी, श्वास जागच्या जागी. बॅटरीच्या सायकलीने या दरीतली वयोव्यवस्था पार उलटी केली आहे.

मालेसला रेल्वे लागते. ही मेरानोची गाडी १९९० मध्ये बंद पडली होती, ती २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि तिने आळशी माणसाला मोक्ष दिला: स्टेशनात सायकल भाड्याने घ्या, उतारावरून घरंगळत जा, खालच्या स्टेशनात परत द्या. चढायचं काम इंजिनाचं. पुढचं ग्लोरेन्झा हे ९००-एक वस्तीचं गाव, पण चहूकडून शाबूत तटबंदी आणि तीन वेशी असा थाट. मागच्या गड्याने ‘थांब रे, आत फिरू’ म्हणेपर्यंत पुढचा दुसऱ्या वेशीतून बाहेर पडलेला असतो.

प्राटोच्या फाट्याला स्टेल्व्हियोची पाटी येते. तिच्यासमोर सगळे थांबतात, गंभीर होतात, पाणी पितात आणि नदीच्या बाजूला वळतात.

लासाला संगमरवराच्या खाणी आहेत. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या अमेरिकन सैनिकांच्या थडग्यांवरचे हजारो क्रूस इथल्या दगडाचे. लासाच्या खाली मात्र सफरचंदांचं राज्य. तारांवर बांधलेल्या झाडांच्या रांगा रस्त्याला इतक्या खेटून जातात की फळ नाकाशी येतं, आणि हात लावायचा नसतो. शिवाय बागेचे तुषार सुरू असले तर त्यांना बाग कुठे संपते आणि पाहुणा कुठे सुरू होतो हे कळत नाही.

हे पाणी इतकं मोलाचं, कारण दरीत पाऊस फार थोडा. म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी डोंगरकडेने पाट काढले. त्यांना ‘वाल’ म्हणतात, आणि आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखा एक राखणदार त्यांवर असे. त्याची युक्ती ऐकण्यासारखी: पाटात एक लहान चाक बसवायचं, ते फिरलं की हातोडी घंटेवर पडते. टण टण चालू आहे तोवर पाणी चालू. घंटा गप्प झाली की कुठेतरी पाट तुंबला, किंवा कोणी आपल्याकडे फोडून घेतला. पाण्याची भांडणं आल्प्समध्येही काही फक्त निसर्गसौंदर्यावर मिटलेली नाहीत.

जेवणाला शिळ्या पावाचे गोळे मिळतात. उकडलेले, आत धुरावलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे, वर लोणी. मागून सफरचंदाचा श्ट्रूडेल. एवढं पोटात गेल्यावर पुढचा उतार आपोआप वेगवान होतो.

शेवटी टोल गावापाशी रस्ता अचानक वळणं घेत खाली सुटतो आणि मेरानोत ताडाची झाडं दिसू लागतात. सकाळी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली मंडळी आता बाह्या सरसावून स्टेशनात शिरतात. सायकल परत देताना मांड्या ताज्यातवान्या असतात. आखडलेली असतात ती बोटं, दिवसभर ब्रेक दाबून, आणि पावतीवर सही करायला पेन काही केल्या धरवत नाही.