जुनाट तक्रारींवर जीवनसत्त्वे व खनिजे: घरच्या घरी करावयाची कृती

या उपचारासाठी लागणारी पहिली वस्तू म्हणजे एक जुनाट तक्रार. ती निवडून घ्यावी लागते. पाय मुरगळणे, ताप भरणे, दाढ ठणकणे असल्या तक्रारी कामाच्या नाहीत. त्यांना कारण असते, सुरुवात असते आणि बहुधा शेवटही असतो. चांगली तक्रार मुक्काम हलवत राहते. सकाळी ती पोटरीत असते, दुपारी मानेत, आणि आवडते पाहुणे आले की कुठेच नसते. पायांना मुंग्या, रात्री पोटरीत येणारे गोळे, केस गळणे, गुडघ्यांची कुरकुर, पुरी न होणारी झोप आणि ‘अंगात त्राणच नाही’ एवढी शिदोरी नवशिक्याला पुरते. सगळे एकाच देहात आढळल्यास कृती लवकर साधते.

उपचाराला इतिहास भक्कम आहे, आणि खराही आहे. ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली. गिरणगावातल्या गरोदर कामगार बायकांना जडणाऱ्या घातक रक्तक्षयाचा तिने तपास केला आणि अखेर मार्माइट नावाच्या, पावाला फासून खायच्या काळपट यीस्ट-अर्काने त्या बायका बऱ्या होतात असे तिला आढळले. १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. बायका बऱ्या झाल्या, कारण त्यांच्या आहारात तो घटक पुरेसा नव्हता. घरगुती उपचार करताना या वाक्यातला स्वल्पविरामापुढचा भाग गाळून वाचावा. एकदा तो गाळला की पुढचे सर्व आपोआप सुचते.

लायनस पॉलिंग यांनाही ते तसेच सुचले असावे. १९७० साली त्यांनी सर्दीवर क जीवनसत्त्वाचा मोठा डोस सुचवणारे पुस्तक लिहिले, आणि दोन नोबेल मिळवलेला माणूस म्हणतो म्हणून जगाने संत्र्याच्या चवीच्या गोळ्या चघळायला घेतल्या. एक नोबेल रसायनशास्त्राचे होते, दुसरे शांततेचे. सर्दीचे एकही नव्हते. पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसले ते असे की नियमित गोळी घेणाऱ्या सामान्य माणसाला सर्दी व्हायची तेवढी होतेच, मात्र ती सुमारे ८ टक्के लवकर बरी होते. म्हणजे सात दिवसांची सर्दी साडेसहा दिवसांत. त्यासाठी वर्षभर रोज गोळी. अशा चाचण्यांचे वाचन साधकाने टाळलेलेच बरे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर केलेली चाचणी तर मुळीच वाचू नये: त्यांच्यातल्या ज्यांना फुप्फुसे सुरक्षित राहावीत म्हणून बीटा कॅरोटीन दिले, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. १९९४ साली ते छापून आले. गाजर मात्र तेव्हाही निर्दोष होते.

सल्ला कोणाचा घ्यावा याचा क्रम ठरलेला आहे. सर्वांत वर सकाळच्या फेऱ्यांचा गट. बागेतल्या बाकावर कोणाला कशाने गुण आला याची नोंद तिथे अद्ययावत असते, आणि गुण आलेला माणूस अजून लंगडत का आहे हे विचारण्याची तिथे पद्धत नाही. त्याखाली कोपऱ्यावरचा औषधवाला, त्याखाली औषध कंपनीत हिशेब खात्यात असलेला भाचा. न्यू जर्सीत मुलगी असल्यास ती या सर्वांच्या वर जाते, कारण ती बाटलीच घेऊन येते. लोणच्याच्या बरणीएवढी ती बाटली पाहिली की शंका उरत नाही. अमेरिकेत अशा बाटल्या १९९४च्या कायद्यामुळे अन्नाच्या कप्प्यात बसतात आणि गुण येतो हे सरकारला आधी सिद्ध करून न दाखवता विकता येतात, ही माहिती बाटली उघडल्यावर कोणी सांगू नये. आपल्याकडेही काही वेगळे नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६च्या नियमांप्रमाणे अशा पूरक आहाराच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे आले. ते छापलेलेही असते. वाचायला भिंग लागते, आणि भिंग चष्म्याच्या घरात असते.

साठवणीसाठी श्रीखंडाचा रिकामा डबा सर्वोत्तम. स्ट्रिपा त्यात मावाव्यात म्हणून कात्रीने कापाव्यात. म्हणजे नाव एका तुकड्यावर, तारीख दुसऱ्यावर आणि गोळ्या तिसऱ्यावर राहतात. यापुढे ओळख रंगावरून: लाल ती रक्ताची, पांढरी लांबोडकी ती हाडांची, हिरवी मऊ ती केसांची. हिरवी टाचणीने टोचून तोंडालाही लावतात. घरात चातुर्मास पाळत असल्यास एक नाजूक प्रश्न उभा राहतो. कॅप्सूलचे कवच बहुधा जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचे असते आणि ड-३ जीवनसत्त्व मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून बनते. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या घरांनी यावर काढलेला तोडगा सोपा आहे: गोळी गिळायची असते, खायची नसते.

आता वेळापत्रक. कृतीचा हा सर्वांत कठीण भाग असून पुस्तकाप्रमाणे तो एखाद्याच घरात पार पडत असेल. गृहीत धरू की साधकाला थायरॉइडची गोळी चालू आहे. ती पहाटे सहाला, उपाशीपोटी. त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही. कॅल्शियम आणि लोह या दोघांनीही तिच्यापासून चार तास दूर राहायचे, कारण आतड्यात ती त्यांना चिकटली की रक्तात पोचत नाही. म्हणजे दहा वाजले. कॅल्शियम कार्बोनेटला पोटातले आम्ल लागते, म्हणून ते जेवताना, एक वाजता. लोह आणि कॅल्शियम यांचे एकमेकांशी पटत नाही. दोन तासांचे अंतर हवे. लोहाला पोट रिकामे हवे, सोबत लिंबू असल्यास उत्तम, आणि आगेमागे तासभर चहा नको, कारण चहातले टॅनिन ते अडवते. सहा-सातचा चहा, न्याहारीचा, अकराचा, चारचा, साडेसहाचा आणि ‘घोटभर’ म्हणून मागितलेला, असे सगळे चहा वजा जाता मराठी घरात लोहाला दिवसातून एकच जागा शिल्लक राहते. ती दुपारी तीनची. त्या वेळी कोणीही जागे नसते.

यातून अनुभवी साधकांनी काढलेली मूठपद्धत सर्वमान्य झाली आहे. सकाळी थायरॉइडची गोळी, लाल, पांढरी, हिरवी आणि बरणीतली मोठी अशा सर्व एका मुठीत घ्याव्यात आणि चहाच्या घोटाबरोबर एकदाच उरकाव्यात. दिवसभराची कटकट राहत नाही. आतड्यात काय होते ते आतड्याने पाहावे.

मात्रेबाबत संकोच नसावा. ब-१२ची रोजची गरज अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास. गोळी मिळते १५०० मायक्रोग्रॅमची. तोंडाने घेतलेल्या एवढ्या मोठ्या मात्रेतला शंभरातला एखादाच भाग शरीर घेते, म्हणून इथे फारसे बिघडत नाही, फक्त पैसे जातात. खरी गंमत ड जीवनसत्त्वाची. रोजची गरज ६०० युनिट, आणि ‘साठ हजारची’ म्हणून जी कॅप्सूल किंवा पुडी मिळते तीत शंभर दिवसांची बेगमी. ती आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. चिठ्ठीवरचा ‘आठवड्याला’ हा शब्द पुसट झाला, किंवा चिठ्ठी शेजारणीची असली, की तीच रोज घेतली जाते. मग रक्तातले कॅल्शियम चढते. मळमळ, बद्धकोष्ठ, तहान, गळून गेल्यासारखे वाटणे आणि पुढे मूत्रपिंडाला इजा. ड चरबीत साठत असल्यामुळे गोळी थांबवली तरी हे आठवडेच्या आठवडे चालते. गळून गेल्यासारखे वाटू लागले की साधक काय करतो हे सांगायला नको. तो ड घेतो. ऊन फुकट असते, पण त्यासाठी स्कूटरवर तोंडाभोवती गुंडाळलेला स्कार्फ सोडावा लागतो, आणि तेवढी किंमत पुण्यात कोणी मोजत नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पण भाकरी थापावी लागते.

गुण येतो आहे हे ओळखण्याच्या खुणा स्पष्ट आहेत. लघवी झेंडूसारखी पिवळी झाली की ब-कॉम्प्लेक्स ‘लागू पडले’. प्रत्यक्षात ते जादा रायबोफ्लेविन शरीराबाहेर पडत असते. शौचाचा रंग काळा झाला की लोह पोचले, निदान तिथवर. कळस ब-६चा. पायाच्या मुंग्यांवर ते घ्यावे, मुंग्या न गेल्यास वाढवावे. मोठी मात्रा महिनोन् महिने चालू राहिली की ब-६ स्वतःच नसांना इजा करून पायाला मुंग्या आणते. तक्रार आणि औषध इतके एकजीव झाल्याची दुसरी उदाहरणे थोडी सापडतील.

रक्ततपासणी आधी करू नये. केली तर चांगली सुरू झालेली कृती बंद पडण्याचा धोका असतो. शाकाहारी माणसात, किंवा मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यात, ब-१२ खरोखरच कमी निघू शकते. मग गोळ्या किंवा इंजेक्शने दिली जातात आणि मुंग्या ओसरू लागतात. असा माणूस या उपचारातून कायमचा बाद होतो. साठीच्या पुरुषात लोह कमी निघाले तर डॉक्टर रक्त कुठून झिरपते आहे ते शोधायला लागतात, दुर्बीण घालू म्हणतात. त्यापेक्षा लाल गोळी बरी: ती आकडा वर आणते आणि झिरपणे चालू ठेवते. फॉलिक ॲसिडची करामत याहून सूक्ष्म आहे. ब-१२ कमी असलेल्या माणसाने ते एकटेच घेतले तर रक्त सुधारलेले दिसते आणि नसांची हानी आत चालूच राहते.

सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे जाण्याची वेळ येते, कारण थायरॉइडचा आकडा बिघडलेला असतो. ‘आणखी काही औषधे चालू आहेत का?’ असा प्रश्न येतो. योग्य उत्तर: ‘छे, औषध असं काही नाही.’ डबा घरी फ्रीजवर असतो. डॉक्टर थायरॉइडची गोळी पन्नासवरून पंचाहत्तरची करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तीही मुठीत जाते.