जिंकलो, पण रेफरी!

टोरोंटो मेपल लीफ्सचा समर्थक हरल्यावर कसा दिसतो, हे सगळ्या कॅनडाला तोंडपाठ आहे. आइस हॉकीतला सर्वांत मोठा मान म्हणजे स्टॅनली कप, आणि तो या संघाने शेवटचा उचलला १९६७ साली. तेव्हापासून शहर आशेला लागतं आणि ठरल्याप्रमाणे मोकळं होतं. त्यामुळे हरलेला लीफ्सवाला बघण्यात गंमत नाही. बघावा तो जिंकलेला. हरल्यावर तो वेळेवर कामाला जातो, शेजाऱ्याच्या दारातला बर्फसुद्धा उपसून देतो. जिंकला की त्याला झोप लागत नाही.

ही जात टोरोंटोत तमिळ, इटालियन, पोर्तुगीज, पंजाबी अशा सगळ्या भाषांत सापडते. मला जवळून बघायला मिळालेला नमुना मराठी आहे आणि मिसिसागात राहतो. सगळे त्यांना काका म्हणतात. गणेशोत्सवात जेवणाची रांग सांभाळायचं काम काकांकडे असतं, आणि मधे घुसणाऱ्याला ते मनगटावरच्या घड्याळात बघून दोन मिनिटं भिंतीशी उभं करतात. हे मी गमतीने सांगत नाही. गेल्या वेळी त्यांनी एका हृदयरोगतज्ज्ञाला उभं केलं होतं.

काका मूळचे डोंबिवलीचे. हॉकी त्यांच्या आयुष्यात उशिरा आली. पंचांवरचा अविश्वास मात्र घरून बांधून आणलेला. १९८१ साली मेलबर्नला गावसकरला लिलीच्या चेंडूवर पायचीत दिलं आणि तो चेतन चौहानला बरोबर घेऊन मैदानाबाहेर चालू लागला, हा प्रसंग काका मिठाच्या सत्याग्रहाच्या सुरात सांगतात. "बॅटला लागला होता. मला डोंबिवलीत ऐकू आला." २००८ च्या सिडनी कसोटीनंतर तर त्यांनी स्टीव्ह बकनर या पंचांचं नाव घरात उच्चारायला बंदी घातली.

कॅनडात ते उतरले १९९२ च्या हिवाळ्यात, म्हणजे त्यांचा इथला पहिला वसंत १९९३ चा. दुसऱ्या कुठल्याही वर्षी आले असते तर कदाचित बागकामाला लागले असते. त्या मे महिन्यात लीफ्स लॉस एंजेलिस किंग्जविरुद्ध सात सामन्यांच्या मालिकेत ३-२ ने पुढे होते. आणखी एक सामना जिंकला की अंतिम फेरी. सहावा सामना ४-४ वर जादा वेळेत गेला. तिथे किंग्जच्या वेन ग्रेट्झकीची काठी लीफ्सच्या डग गिलमोरच्या हनुवटीला लागली आणि रक्त आलं. नियमाने ग्रेट्झकी बाहेर जायला हवा होता. रेफरी केरी फ्रेझर यांनी लाइन्समनना विचारलं, कोणीच काही पाहिलं नव्हतं, आणि थोड्याच वेळात ग्रेट्झकीनेच विजयी गोल मारला. सातव्या सामन्यात त्याने आणखी तीन मारले. किंग्ज अंतिम फेरीत, लीफ्स घरी. आपल्याकडून ते सुटलं, असं फ्रेझर यांनी पुढे कबूल केलं. काकांच्या लेखी त्या कबुलीने काही होत नाही. ते फेरविचार अर्ज कोणाकडे करायचा याची चौकशी करत असतात.

या खेळात अन्यायाची सोय भरपूर आहे. बर्फावर चार पंच असतात: दोन लाइन्समन आणि दंडावर केशरी पट्टी बांधलेले दोन रेफरी. कोणी काठी अडकवली, पाय घातला, की रेफरी हात वर करतो आणि अपराधी दोन मिनिटं काचेच्या खोक्यात बसतो. तेवढा वेळ त्याचा संघ एका माणसाने कमी, म्हणजे समोरच्याचा पॉवर प्ले. प्लेऑफ म्हणजे बाद फेऱ्या सुरू झाल्या, त्यातही जादा वेळ लागला, की शिट्टी खिशात जाते आणि एरवी शिक्षा होणारी पुष्कळशी आडदांडगिरी खपून जाते, असा सर्वसाधारण समज आहे. काकांचा त्याला पोटनियम असा, की शिट्टी खिशात जाते ती फक्त समोरच्या संघासाठी.

पुरावा मागाल तर ते टिम पील काढतात. मार्च २०२१ मध्ये नॅशव्हिल आणि डेट्रॉइटच्या सामन्यात या रेफरीचा माइक चालू राहिला. फार काही झालं नव्हतं, पण नॅशव्हिलला सुरुवातीलाच एक पेनल्टी द्यायची होती, अशा अर्थाचं त्याचं बोलणं घरोघर ऐकू गेलं. निवृत्तीला महिना राहिला असताना लीगने त्याला घरी बसवलं. या प्रकरणाशी लीफ्सचा सुतराम संबंध नाही. काकांना त्याने फरक पडत नाही.

त्यांचा आवडता सिद्धांत मात्र सिच्युएशन रूमचा आहे. गोल झाला की नाही, गोलीला धक्का लागला का, हे लीगभरच्या सामन्यांसाठी जिथे चित्रफितीवर तपासतात, ती खोली खुद्द टोरोंटोत आहे. बाकीचा कॅनडा म्हणतो, बघा, म्हणूनच टोरोंटोला झुकतं माप. काका म्हणतात, "उलट! मास्तरांचा मुलगा वर्गात असला की पहिली छडी त्यालाच." काका स्वतः मास्तरांचे चिरंजीव, त्यामुळे यावर कोणी पुढे बोलत नाही.

तर २९ एप्रिल २०२३ ची रात्र. टँपा बे लाइटनिंगविरुद्ध सहावा सामना, टँपामध्ये. लीफ्सनी २००४ नंतर प्लेऑफची एकही फेरी जिंकली नव्हती. काकांच्या बेसमेंटमध्ये काकू, जावई, वॉटरलूला शिकणारा भाचा आणि मी. टीपॉयवर चिवडा आणि टिम हॉर्टन्सची कॉफी. जादा वेळेत लीफ्सच्या जॉन टॅव्हारेसने गर्रकन वळून पक (खेळायची चकती) मारला, तो आत गेला, २-१. एकोणीस वर्षांचा उपास सुटला. भाचा सोफ्यावर उभा राहून ओरडला, काकूंनी देवाजवळ साखर ठेवली. काकांनी रिमोट उचलला आणि सामना मागे न्यायला सुरुवात केली.

"मामा, जिंकलो आपण!" भाचा म्हणाला.

"जिंकलो ते दिसलं मला. हे बघ." त्यांनी तिसऱ्या सत्रात कुठेतरी चित्र थांबवलं आणि उठून टीव्हीपाशी गेले. काचेवर त्यांच्या तर्जनीचा तेलकट, चिवड्याचा ठसा उमटला. "इथे. निळ्या माणसाला काठी अडकवलीये की नाही? हाताला! आणि तो केशरी पट्टीवाला चार फुटांवरून बघतोय. ही पेनल्टी नको?"

भाचा जरा पुढे वाकला. "मामा, लीफ्स आज पांढऱ्यात आहेत. बाहेरगावी पांढराच असतो. निळा टँपाचा. अडकवणारा आपला आहे."

काकांनी चित्र पुन्हा नीट पाहिलं, चष्मा वर केला, खाली केला.

"मग बरोबर आहे. एवढं चालतं. प्लेऑफ आहे."

टीव्ही पुसायचं फडकं काकूंनी आधीच आणून ठेवलं होतं.

यानंतर त्यांनी मोर्चा खेळाडूंकडे वळवला. टॅव्हारेसचा तो पक टँपाच्या बचावपटूच्या स्केटला लागून आत गेला होता. झालं! "सात वर्षांचे सात कोटी सत्तर लाख डॉलर मोजलेत याला २०१८ साली. आणि गोल कोणी केला? त्यांच्या माणसाच्या स्केटने! त्याला किती देतात ते काढ रे." भाच्याने फोनवर खरंच काढायला घेतलं. तो एक्सपेक्टेड गोल्सवाला. लीफ्सच्या मॅथ्यूजचा फटका कुठून गेला, तिथून शंभरात किती आत जातात, हे त्याच्याकडे दशांश चिन्हासह असतं. काकांना आकड्यांचं वावडं नाही. आपल्या बाजूचा आकडा येईपर्यंत ते विचारत राहतात. तेव्हा लीफ्समध्ये असलेल्या मार्नरबद्दल तर आकडाही लागायचा नाही. मार्नरने पक पुढे ढकलला तर "मारला का नाही?", मारला तर "दिला का नाही?" लीफ्सचा गोली सॅमसोनोव्ह याने संपूर्ण सामन्यात एकच गोल सोडला होता. काकांनी तो एकच तीनदा पाहिला. टँपाच्या स्टॅमकोसचा होता, बरोबरीचा.

"अहो, तो बाकीचे अडवत होता तेव्हा तुम्ही डोळे मिटून बसला होतात," काकू म्हणाल्या.

"टेन्शनने!"

"मग बघितलं काय?"

जावई इतका वेळ चिवड्यातले दाणे वेचत बसले होते. ते मॉन्ट्रियलचे, म्हणजे कॅनेडियन्सचे. ज्या घराण्याकडे चोवीस कप आहेत त्या घराण्याचे. लीफ्सवाल्याच्या मुलीने मॉन्ट्रियलवाल्याशी लग्न करणं याला टोरोंटोत आंतरजातीय विवाह म्हणतात. आणि कॅनडात तीस वर्षं काढली तरी जावयाला अरे-तुरे करायची काकांची टाप नाही. त्यामुळे रेफरीवर ओढायचे सगळे आसूड जावयासमोर अहो-जाहो होऊन बाहेर पडतात.

"बाबा, तिसऱ्या सामन्याचं काय?" जावयांनी अगदी नम्रपणे विचारलं. "तुमच्या रायलीने टँपाच्या पॉइंटला फळीवर घातलं, रेफरींनी पाच मिनिटांची शिक्षा लावली, आणि मग चित्रफीत पाहून मागे घेतली. पुढे जादा वेळेत जिंकून देणारा गोल कोणाचा? रायलीचाच."

"जावईबापू, ती चित्रफीत आपण नीट पाहिलेली दिसत नाही," काका म्हणाले. रिमोटवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. "तो स्वतः पडला. आणि रेफरींनी चूक सुधारली, याला निष्पक्षपणा म्हणतात."

म्हणजे रेफरी कधी कधी निष्पक्ष असतात तर! हे वाक्य कोणी बोललं नाही, पण काकांच्या ते ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी ताबडतोब कॉफी संपवली आणि १९९३ काढलं. जावयांची तयारी होती. त्या वर्षी किंग्जना अंतिम फेरीत मॉन्ट्रियलनेच हरवलं होतं. दुसऱ्या सामन्यात मॉन्ट्रियलच्या प्रशिक्षकाने किंग्जच्या मॅकसोर्लीची काठी मोजायला लावली, तिचा बाक नियमापेक्षा जास्त निघाला, पेनल्टी मिळाली आणि मालिका फिरली. "म्हणजे तुमचा सूड आम्हीच उगवला, बाबा. काठी मोजून."

काका यावर विचार करत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर त्या रात्रीचं पहिलं समाधान उमटलं. काठी मोजता येते, हा मुद्दा त्यांना आवडला होता.

रात्री दीड वाजता मी निघालो तेव्हा काकांचा हिशोब असा होता: ही फेरी आपण खरं तर पाच सामन्यांत जिंकायला हवी होती, टँपातले तिन्ही सामने जिंकलो ते तिन्ही जादा वेळेत, म्हणजे ते नशीब, घरच्या मैदानावर तीनपैकी दोन हरलो, म्हणजे ती लायकी. चौथ्या सामन्यात ४-१ ने मागे पडून ५-४ ने जिंकलो, त्याबद्दल विचारलं तर "मुळात मागे का पडलो?" खाली शहरात एरिनाबाहेर लोक नाचत होते. काका दारात मला पोचवायला आले आणि हळूच म्हणाले, "पुढच्या फेरीला रेफरी कोण आहेत, काही कळलं का?"

मला वाटतं, या माणसाला जिंकणं परवडतच नाही. हार झाली की केस तयार असते, आरोपी तयार असतो, फाइल बंद होते. जिंकल्यावर पुढचा सामना येतो. १९९३ ला ज्याने एकदा मनापासून आशा केली, तो ती पुन्हा उघड्यावर ठेवत नाही. तिच्यावर तक्रारींची गोधडी पांघरून ठेवतो. काकूंना हे माझ्या आधीपासून कळलेलं आहे. म्हणून त्या फडकं जवळ ठेवतात आणि फारसा वाद घालत नाहीत.

पुढच्या फेरीत फ्लॉरिडाने लीफ्सना ४-१ ने गुंडाळलं. पाचव्या सामन्यात रायलीचा एक गोल रेफरीने नाकारला, खेळ आधीच थांबला होता म्हणून. आणि टोरोंटोतल्या त्या खोलीने निर्णय कायम ठेवला. जादा वेळेत ३-२ ने सगळं संपलं. मी सांत्वनाला फोन केला. काका ताजेतवाने होते. पंचवीस मिनिटं त्यांनी शिट्टी, पक आणि गोलीचं पॅड यांचा क्षणाक्षणाचा तपशील सांगितला, सिच्युएशन रूमबद्दलचा सिद्धांत कसा सिद्ध झाला तेही सांगितलं, आणि मग विचारलं, "रविवारी काय करताय? या जेवायला."

त्या रविवारी ब्रॅम्प्टनचे त्यांचे एक पंजाबी मित्रही होते. त्यांच्याकडे काकांना हेवा वाटावा अशी एकच गोष्ट आहे: हॉकीचं पंजाबी समालोचन. ते २००८ साली सुरू झालं आणि २०१६ साली समालोचक हरनारायण सिंग यांनी बोनिनो या खेळाडूच्या गोलवर त्याच्याच नावाचा जो गजर केला, तो सगळ्या उत्तर अमेरिकेने ऐकला. मराठीत अजून तसं काही नाही. काकांची तयारी पूर्ण आहे. पॉवर प्लेला 'एक माणूस खोक्यात' आणि रेफरीला 'केशरी पट्टी' हे त्यांनी ठरवूनच ठेवलंय. बाकीचे शब्द मोजून तीन-चार आहेत, पण ते प्रक्षेपणात चालणार नाहीत, असं काकूंचं मत पडलं.

तेव्हा मराठी समालोचन सुरू करायचं कोणाच्या मनात असेल, तर त्यांनी काकांना जरूर बोलवावं. फक्त लीफ्स पुढे असतील तर माइक काकूंकडे द्यावा.