पंचांगाबाहेरचं फूल

हिलोत पाऊस पडतो ही काही बातमी नव्हे. हवाईतल्या सगळ्यात मोठ्या बेटावरचं आमचं हे गाव, आणि वर्षाला पाऊस सुमारे 3000 मिलिमीटर. चिपळूणचा पाऊस चार महिन्यांत हिशेब चुकता करून मोकळा होतो, इथला बाराही महिने हप्त्याहप्त्याने येतो, इतकाच काय तो फरक. त्यामुळे चिपळूणहून आलेली आई आल्या आल्या परसात गेली आणि म्हणाली, "काठी रोवलीस तरी पालवेल इथे." मग तिची नजर माझ्या व्हिरेयांवर गेली.

"कुंडीत माती कुठाय?"

व्हिरेया म्हणजे उष्ण कटिबंधातले ऱ्होडोडेंड्रॉन. उत्तराखंडात ज्याच्या लाल फुलांचं सरबत करतात, त्या बुरांसाची ही भावकी. प्रजाती तीनशेच्या आसपास. वस्ती बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्स आणि सगळ्यात दाट न्यू गिनीत. उष्ण कटिबंध म्हटलं की आपल्याला घामोळं आठवतं. पण यातली बरीचशी मंडळी ढगात बुडालेल्या डोंगरांवर, दुसऱ्या झाडाच्या फांदीवर, शेवाळात मुळं खुपसून राहतात. पाऊस भरपूर हवा, पण पायाशी पाणी साचता कामा नये. ऊन हवं, पण सकाळचं. खत चिमूटभर, जरा हात सैल सुटला की केसासारखी बारीक मुळं जळून जातात.

"झाड आहे की तुझी सुमनआत्या?" आई म्हणाली.

माझ्या कुंडीत लाव्हाची खडी, सालीचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे चौकोन. माती घातली तर ती ओली होऊन बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि झाड खालून कुजतं. हे सगळं मी नीट समजावलं. आईने ऐकून घेतलं आणि एक चौकोन उचलून पाहिला. "सोडणं आम्ही बंबात घालतो," एवढंच म्हणाली. मुलगी अमेरिकेत गेली, पण कुंडीत घालायला तिच्याकडे माती नाही, ही बातमी त्याच रात्री व्हॉट्सॲपवरून चिपळूणशेजारच्या खेर्डीपर्यंत पोचली. लगेच मामाचा फोन आला: पैसे वगैरे हवेत का?

दुसऱ्या दिवशी तिने एक पान उलटं करून चष्म्याजवळ धरलं. "तांबेरा पडलाय." पानाच्या पाठीवर खरोखरच तपकिरी ठिपके होते, पण ते रोगाचे नव्हेत, जन्माचे. भिंगातून पाहिलं तर एकेक ठिपका म्हणजे इवलासा खवला, वाटोळा, मधे किंचित खोलगट. व्हिरेया ओळखायची ही एक खूणच. आईने भिंगातून शांतपणे सगळं पाहिलं. "जन्मापासून तांबेरा," तिने निदान दुरुस्त केलं.

खरा प्रश्न फुलांचा होता. कोकणातलं माणूस फुलझाडाला तीन गोष्टी विचारतं: वास आहे का, देवाला चालतं का, आणि कधी फुलतं. माझं लाएटुम नावाचं व्हिरेया न्यू गिनीच्या डोंगरातलं. त्याला पिवळीधमक, कर्ण्यासारखी फुलं येतात आणि जुनी होता होता नारिंगी होतात. वास शून्य. देवाचं मी काय सांगणार? आणि कधी फुलतं, तर त्याच्या मनात येईल तेव्हा. त्याच्या मुलखात ना धड हिवाळा ना धड उन्हाळा, त्यामुळे वेळेवर हजर व्हायची सवयच नाही. खवल्याखवल्यांची टोकदार कळी महिनोन्‌महिने तशीच बसून राहते. आपण नाद सोडला की एका सकाळी फुटते.

"म्हणजे गणपतीला नाही, दसऱ्यालाही नाही," आई म्हणाली. "मग कशासाठी?"

कशासाठी ते इंग्रजांना ठाऊक होतं, म्हणून मी तिला टॉमस लॉबची गोष्ट सांगितली. 1840च्या दशकात त्याने ही झाडं आग्नेय आशियातून इंग्लंडला, व्हीच यांच्या नर्सरीत पाठवली. तिथे काचघरं कोळशाने तापवून, जेमतेम सात प्रजातींच्या जोरावर शेकडो संकर केले गेले. पुढे पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली, काचघरं थंडावली आणि त्यातले बहुतेक संकर नाहीसे झाले.

"कोळसा जाळून उकाडा करायचा?" आई थक्क. "त्यापेक्षा आमच्याकडे येऊन राहायचं."

"आले होते की, आई. चांगले सव्वाशे वर्षं राहिले."

रविवारी तिला व्होल्कॅनो गावात नेलं. हे गाव हिलोहून वर, सुमारे 4000 फुटांवर, ज्वालामुखीच्या शेजारी. रात्री गारवा पडतो, त्यामुळे व्हिरेयांची तिथे चैन असते आणि ती लावणाऱ्यांना थोडी शिष्टपणाची बाधा. तिथले ओळखीचे एक अंकल (वडीलधाऱ्या कुणालाही इथे अंकल म्हणतात, त्यामुळे आईला बेट एकदम पटलं) आम्हाला बाग दाखवत होते. कोनोरी नावाच्या पांढऱ्या व्हिरेयाच्या घोसाला लवंगेसारखा वास. आईने नाक खुपसलं, डोळे मिटले. तेवढ्यात अंकल म्हणाले, खाली हिलोत कुठली अशी फुलं यायला, उकाडा फार.

आई ताठ झाली. "सांग त्यांना, थंडीत कुणीही फुलेल. आमचं उकाड्यात फुलतं, तेही मातीशिवाय."

मी भाषांतर केलं: आई म्हणते, इतकी सुंदर बाग कुठेच पाहिली नाही.

अंकल विरघळले. खिशातून कात्री काढून त्यांनी कोनोरीच्या चांगल्या जून फांद्या छाटल्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि आईच्या हातात दिल्या. गाडीत बसल्यावर तिने पुडकं मांडीवर नीट ठेवलं.

"बघ," ती म्हणाली, "असं खडसावून बोललं की देतात."