घडवायचं कुणी, न्यायचं कुणी

अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांचे फुटबॉल प्रशिक्षक मोठे सोशिक. बड्या विद्यापीठांनी ज्या पोराकडे ढुंकूनही पाहिलेलं नसतं, त्याच्या घरी हे जाणार, आईच्या हातचं जेवणार आणि ‘आमच्याकडे अगदी घरच्यासारखं’ म्हणून सांगणार. कॅम वॉर्डचंच घ्या. टेक्सासच्या या क्वार्टरबॅकला (अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाचा डाव चालवणारा खेळाडू) शाळेत असताना बड्यांनी विचारलंच नाही. हात धरला तो इन्कार्नेट वर्ड या छोट्या विद्यापीठानं. दोन हंगाम त्यांनी पोरगा घडवला. मग स्वारी वॉशिंग्टन स्टेटला, तिथून मायामीला, आणि २०२५च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, थेट पहिला क्रमांक! २०२१पासून पहिल्यांदा विद्यापीठ बदलल्यावर वर्षभर न खेळता बसण्याची अटही गेली. आयत्या बिळावरच्या या बड्या नागोबांना आणखी काय हवं?

कॉलेज क्रीडास्पर्धांच्या तिसऱ्या डिव्हिजनची तऱ्हा निराळी. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायलाच बंदी. मैदानात एका वेळी अकरा जण, पण कित्येक संघांत शंभरावर पोरं. बाकावर बसणाराही फी भरतो ना! (खरा टचडाउन तिथेच होतो.) तेव्हा पालकहो, प्रशिक्षक मुलाच्या उज्ज्वल भवितव्याबद्दल बोलू लागला, की आधी फीचा तक्ता मागून घ्या.