प्रेस बॉक्समधल्या निळ्या जर्सीस अनावृत पत्र



प्रेस बॉक्समध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, हा जुनाट दंडक तुम्ही मोडीत काढलात, त्याबद्दल आधी अभिनंदन. तो दंडक घालणाऱ्यांना कर्णधारासोबत सेल्फी काढण्यातलं सुख माहीतच नव्हतं.

३१ मार्च २०१६ ची वानखेडेवरची रात्र आठवते? टी-२० विश्वचषकाची उपांत्य फेरी, आपल्या १९२ धावा, तरी वेस्ट इंडीज जिंकलं. त्यांचा सिमन्स दोनदा झेल देऊन परत आला, कारण दोन्ही चेंडू नो-बॉल. एक अश्विनचा, एक पांड्याचा. गडी नाबाद ८२ करून गेला. पत्रकार परिषदेत सॅम फेरिस या ऑस्ट्रेलियन पत्रकाराने कर्णधार धोनीला निवृत्तीचं विचारलं. धोनीने त्यालाच बोलावून शेजारी बसवलं आणि उलटतपासणी घेतली: मी पळताना कसा वाटतो? बिचारा म्हणाला, एकदम फास्ट. हे एखाद्या भारतीय पत्रकाराने विचारायला हवं होतं, असंही धोनीने सुनावलं. खोलीत हशा पिकला. धोनीचा हजरजबाबीपणा दाद देण्यासारखाच. पण तो टोला कुणाला होता, हे हसण्याच्या नादात तुमच्या लक्षात आलं नसावं.

अर्थात, शहाणपण तुमच्याच बाजूला आहे. २०१३ मध्ये इयन चॅपेलला भारतीय क्रिकेट मंडळाच्या समालोचनाचं काम आलं होतं. अट एवढीच, की डीआरएस, संघनिवड आणि मंडळाचा कारभार यांवर बोलायचं नाही. त्याने काम नाकारलं. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार होता, पण व्यवहारात अगदीच कच्चा! मग मार्च २०१६ मध्येच अमिताभ बच्चन यांनी ट्विट केलं, की भारतीय समालोचकाने आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावं. धोनीने री ओढली. पुढच्याच महिन्यात आयपीएलच्या समालोचकांत हर्षा भोगले नव्हते. कारण कुणी सांगितलं नाही, म्हणून मीही तर्क लावत नाही.

एक शंका मात्र राहते. हे सगळं तुम्ही म्हणे आम्हा चाहत्यांचं मन राखायला करता. आम्ही इतके नाजूक कधीपासून झालो? मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्ध सचिन एका धावेवर बाद झाला, तेव्हा याच वानखेडेने त्याची हुर्यो उडवली होती. मैदान घरचं, देवही घरचा! ते वाईटच झालं असं माझं मत, पण ओरडणारे काही पाकिस्तानातून आलेले नव्हते. पदरचे पैसे घालून, मार्चच्या उन्हात घामाघूम होऊन बसलेले चाहतेच होते. हरल्यावर आम्ही पेपर उघडतो तो नेमकं कुठे फिसकटलं हे कळावं म्हणून. तुम्ही लिहिता, ड्रेसिंग रूममध्ये कोण किती हळवा झाला.

तेव्हा जर्सी खुशाल घाला. फक्त पुढच्या पराभवानंतर माइक हाती आला, की 'दडपण कसं हाताळलंत?' ऐवजी 'नो-बॉल का पडले?' एवढंच विचारा. उत्तर टाळलं, तर टाळलं असं छापा. सेल्फी आतल्या पानावर चालेल.

आपला,
नॉर्थ स्टँडमधला एक