एका गेमपुरता एक कंट्रोलर

व्हिडिओ गेमचे कंट्रोलर जमवायचे मनावर घेतले असेल, तर पहिला नियम पाठ करून टाकावा: जो कंट्रोलर सगळ्या गेमना चालतो, तो आपल्या कामाचा नाही. तो बिचाऱ्या खेळणाऱ्यांसाठी असतो. संग्राहकाने डोळा ठेवायचा तो एकाच गेमसाठी जन्माला आलेल्या आणि त्या गेमलाही जड गेलेल्या वस्तूंवर.

या कसोटीवर सर्वात वरचे पाट-चौरंग ‘स्टील बटालियन’च्या कंट्रोलरला द्यावे. कॅपकॉमने तो २००२ मध्ये एक्सबॉक्ससाठी काढला. सुमारे ४० बटणे, दोन दांडे, एक गिअर आणि पायाखाली तीन पेडल. गेममधले लढाऊ यंत्र नुसते सुरू करायलाच ओळीने पाच खटके वर करावे लागतात. समोरचा पडदा धुवायला वेगळे बटण, आग विझवायला वेगळे. पारदर्शक झाकणाखाली एक बटण असते. यंत्र फुटायच्या आत झाकण उघडून ते दाबले नाही, तर पायलट मरतो आणि आपली साठवलेली सगळी प्रगती पुसली जाते. म्हणजे खरोखर पुसली जाते, पुन्हा पहिल्यापासून. पुढचा भाग २००४ मध्ये आला, तो फक्त ऑनलाइन खेळायचा होता आणि त्याचे सर्व्हर २००५ मध्ये बंदही झाले. उरला एकच गेम. असा कंट्रोलर घरात आला की जेवणाचे टेबल गेले असे समजावे आणि भारतीय बैठकीचे फायदे घरच्यांना आधीपासून सांगू लागावे.

इतके साहस नसेल तर छोट्या वस्तूंनी सुरुवात करावी. मॅटेलचा १९८९ सालचा पॉवर ग्लोव्ह घ्यावा; तो हातात चढवल्यावर माणूस फार कर्तबगार दिसतो आणि त्याच्यासाठी खास म्हणून आलेले गेम अवघे दोन. ‘रेझिडंट ईव्हिल ४’चा रक्ताचे शिंतोडे उडालेला करवतीच्या आकाराचा कंट्रोलर धरायला इतका गैरसोयीचा आहे, की तो आदराने कपाटातच ठेवावा. जपानच्या होरी कंपनीने ‘ड्रॅगन क्वेस्ट’मधल्या निळ्या, हसऱ्या स्लाइमच्या आकाराचा कंट्रोलर केला. त्याची बटणे पोटाखाली आहेत. वरून पाहणाऱ्याला आपण एका गोळ्याला गुदगुल्या करतो आहोत असे वाटते, वाटू द्यावे.

मुंबईकरांसाठी टायटोच्या ‘देन्शा दे गो!’ची शिफारस आहे. यात लोकल चालवायची असते. डाव्या हाताला वेगाचा दांडा, उजव्या हाताला ब्रेक, आणि गाडी फलाटावर ठरल्या सेकंदाला, ठरल्या जागी थांबवायची. दिवसभर डोंबिवली–दादर उभ्याने करून आलेल्या माणसाने रात्री बसून टोकियोची यामानोते लाइन चालवण्यात जे समाधान आहे, ते उगाच उलगडून सांगत बसू नये.

आता बदल करणे, म्हणजे मॉडिंग. इथे आर्केड स्टिक, म्हणजे दांडा आणि बटणे बसवलेली पेटी, लागते आणि इथेच खरी वर्णव्यवस्था सुरू होते. सान्वा कंपनीचा जेएलएफ लिव्हर, म्हणजे दांडा, घेणारे वेगळे, सेइमित्सूवाले वेगळे, अमेरिकन हॅपचा जाडजूड दांडा घेणारे वेगळे. आणि स्प्रिंगऐवजी रबरावर डोलणारा कोरियन लिव्हर वापरणारे ‘टेकन’ या मारामारीच्या गेमचे खेळाडू तर या कुणाशीच बोलत नाहीत. जेएलएफच्या खाली एक चौकोनी चौकट असते, तिला गेट म्हणतात. दांडा तिच्या कोपऱ्यात गेला की तिरकी दिशा लागते. नवखा माणूस ते काढून अष्टकोनी गेट बसवतो, महिनाभर त्याची थोरवी गातो आणि गुपचूप चौकोनी परत लावतो. आपणही तसेच करावे. मधले टप्पे गाळून थेट शहाणपणाला पोचणे हे या छंदात उर्मटपणाचे मानतात.

पेटी सुताराकडून करून घ्यावी. ३० मिलिमीटरची आठ भोके पाडून मागितली की तो विचारेल, “दादा, हे नक्की कशाचं?” “देवघराच्या लायटिंगचं,” असे सांगितल्यास भोके जास्त निगुतीने पडतात.

वायरिंग सोपे आहे. प्रत्येक बटणाला दोन पाय असतात. एक पाय दाबलेले बटण ओळखणाऱ्या बोर्डावरच्या आपापल्या जागी जातो, दुसरे सगळे एकाच वायरने एकमेकांना जोडत ग्राउंडला न्यायचे. वायर ढिली राहिली तर तिच्या पुढची सगळी बटणे एकदम मरतात; अशा वेळी दोष बोर्डाला द्यावा आणि नवा बोर्ड मागवावा. स्वस्तात करायचे तर रास्पबेरी पाय पिको घेऊन त्यात जीपी२०४०-सीई हे फुकट मिळणारे फर्मवेअर टाकता येते. त्याहून कर्मठ मार्ग जुन्या पॅडचा. त्याचा बोर्ड काढून बटणाखालचा काळा कार्बन ब्लेडने हलकेच खरवडायचा, खालचे तांबे चमकले की डाख द्यायचा. हात जरा जास्त चालला तर तांबेही निघून येते. मग नव्या पॅडसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच.

हे सारे कशासाठी, तर बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा विलंब कमी व्हावा म्हणून. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र साधारण १७ मिलिसेकंद टिकते आणि एक मिलिसेकंद वाचवायला संग्राहक महिन्याचा किराणा खर्ची घालतो. पडद्यावरची ठोसा-लाथ दिसल्यावर त्याचा स्वतःचा अंगठा हलायला दोनशेच्या वर लागतात, हा मुद्दा कुणी काढलाच तर ताबडतोब गेटचा विषय काढावा.

जपानहून आणलेला जुना गेम कन्सोल थेट आपल्या प्लगात मात्र घालू नये. तिथली वीज १०० व्होल्टची, आपली २३०ची, धूर निघतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा.

शेवटी पिस्तूल. नाम्कोचे १९९७चे गनकॉन प्लेस्टेशनवर ‘टाइम क्रायसिस’ला लागते. जुन्या टीव्हीत काचेवर फिरणारा किरण नेमका केव्हा कुठे आहे, यावरून त्याला नेम कळतो. सपाट टीव्हीत तो किरणच नाही, त्यामुळे त्याच्यासमोर ते आंधळे. तेव्हा पिस्तूल घेतल्यावर लगेच जुना, डब्यासारखा टीव्ही शोधायला निघावे. सोपा उपाय म्हणजे दहा वर्षांपूर्वी आपण स्वतः ज्याला तो काढून दिला, त्याच भंगारवाल्याकडे जावे. पिस्तुलाचा विषय काढू नये. “आईला जुन्या सेटवरच सिरियल बघायची सवय आहे हो,” एवढे म्हणावे, चेहरा पाडावा आणि त्याने सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरुवात करावी.