सजावट उतरविण्याचे शास्त्र

वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढील रविवारी ईस्टर साजरा करावयाचा, असा ख्रिस्ती जगताचा जुना प्रघात असल्यामुळे उत्तरेकडील थंड मुलखांत तो सण एखादे वर्षी ऐन हिमवर्षावात सापडतो, आणि रंगविलेली अंडी व कागदी ससे पेटीत भरण्यापूर्वी गृहस्थास दारातले बर्फ फावड्याने उपसावे लागते. धाराशिव जिल्ह्यातील वाचकाने यावर फार हळहळण्याचे कारण नाही. ती पौर्णिमा बहुधा आमची चैत्री पौर्णिमाच असते. तिच्या दुसऱ्या दिवशी येरमाळ्यास येडेश्वरीचे भाविक रानात पांढरी चुनखडी वेचतात, आणि पांढरेच काही वेचावयाचे असेल तर त्याआधी महिना-दीड महिना आकाशही त्या कामी हात राखीत नाही. आमच्याकडे बर्फ भुरभुरत येत नाही. जोंधळा कणसात भरलेला, हरभरा खळ्याच्या वाटेवर आणि द्राक्षाचा घड गोडीस आलेला पाहून ते बोराएवढ्या, लिंबाएवढ्या गारांच्या रूपाने एकदम रुजू होते.

गुढी सूर्यास्ताच्या सुमारास उतरवावी असा शिष्टाचार आहे. परंतु दिवसभर तापलेल्या भूमीवरून बाष्प घेऊन उठलेली हवा उंच चढून गोठावयाची, म्हणजे गारांचा मुहूर्तही तिसऱ्या प्रहरानंतरचाच. त्यामुळे पाडव्याला पश्चिमेकडे काळोखी दाटली की रूढी मोडून गुढी लवकर उतरवावी, की रूढी पाळून तांब्याला पोचे पडू द्यावेत, असा धर्मसंकटाचा प्रसंग उद्भवतो. आमचा गृहस्थ त्यातून सहज पार पडतो. हळदकुंकू वाहतो, गुढी खाली घेतो, साखरेची गाठी पोरांच्या हवाली करतो. खण घडी होऊन ट्रंकेत, तांब्या घासून स्वयंपाकघरात आणि वेळूची काठी माळ्यावर जाते. या सर्व कारवाईसाठी त्यास निविदा काढावी लागत नाही, की कोणाची मंजुरी घ्यावी लागत नाही.

सरकारी सजावट उतरविण्याचे शास्त्र याहून गहन आहे, आणि त्याचा पूर्ण प्रयोग पाहण्याचे भाग्य 2014 साली मराठवाड्यास लाभले. फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत रेंगाळली. शालिवाहन शके 1935 सरत आले होते आणि त्या संवत्सराचे नाव होते विजय. उभी पिके आडवी करून विजय संवत्सर निघून गेले, व 31 मार्चला पाडव्याच्या दिवशी जय नामक संवत्सराने कार्यभार स्वीकारला. नावे ठेवणाऱ्या पूर्वसूरींच्या विनोदबुद्धीस वंदन केले पाहिजे. पाडव्याच्या पंचांगवाचनात वर्षाचा राजा कोण, मंत्री कोण, मेघेश कोण, हे सांगण्याची चाल आहे. परंतु गारांचे खाते कोणाकडे आहे याचा खुलासा पंचांगकर्तेही करीत नाहीत, सबब अर्ज कोणाकडे करावा हा प्रश्न तिथेही अनिर्णीतच राहतो.

याच धामधुमीत, मार्चच्या 5 तारखेस, लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली. आचारसंहिता लागली की पुढाऱ्यांचे फलक उतरवावयाचे, आणि ज्या कोनशिलांवर मंत्रिमहोदयांची नावे कोरलेली असतात त्या कागदाने वा कापडाने झाकून टाकावयाच्या, असा दंडक आहे. म्हणजे दगडाला आच्छादन मिळाले आणि द्राक्षबागेला आकाश! वास्तविक गारांचा मारा सोसण्यास कोनशिलेइतकी समर्थ वस्तू साऱ्या तालुक्यात दुसरी नसेल. पण दगडावरील अक्षरे वाचून मतदाराचे मन चळेल ही भीती, भुईसपाट झालेला जोंधळा पाहून त्याचे मन चळेल या भीतीहून मोठी ठरली. मदत जाहीर करण्यापूर्वी निवडणूक आयोगाची अनुमती घेणेही सरकारास भाग पडले. गारांना मात्र अशी कोणतीही अट नव्हती.

पुढे पंचनामा. त्या काळी निम्मे पीक बुडाल्याखेरीज ते बुडाले असे दप्तर मानीत नसे. 2015 साली ही मर्यादा 33 टक्क्यांवर आणण्यात आली, त्याबद्दल कृतज्ञता बाळगावयास हवी. तथापि ज्याचे बत्तीस टक्के पीक गेले त्याने उरलेल्या एका टक्क्यासाठी मेघांकडे दरखास्त करावी किंवा कसे, याविषयी परिपत्रक मौन धरून आहे. नुकसान मोजावयास येणाऱ्या तलाठ्याचे 2024 साली ग्राम महसूल अधिकारी असे नामांतर झाले. ज्या जिल्ह्याचेच नाव 2023 साली बदलून झाले आहे, तेथे याचे नवल ते काय? पदनाम लांबल्यामुळे सही करण्यास किंचित अधिक वेळ लागेल, एवढेच.

इतके असूनही सरकारी-निमसरकारी सजावटीने रयतेचे काहीच भले केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. वाढदिवसाच्या, नियुक्तीच्या, पाडव्याच्या शुभेच्छांचे जे फ्लेक्स चौकाचौकांत लागतात, त्यांमुळे होणारे मालमत्तेचे विरूपण रोखण्यासाठी 1995 चा कायदा आहे, आणि तो असूनही ते लागतात, हे एका परीने सुदैवच. कारण ढग दाटून आले की हे फ्लेक्स रातोरात चौकातून अंतर्धान पावतात आणि सकाळी कडब्याच्या गंजीवर, हरभऱ्याच्या ढिगावर, काढून ठेवलेल्या कांद्यावर पसरलेले आढळतात. भावी आमदार हात जोडून, हसतमुखाने, उताणे पडून गारा झेलीत असतात. लोकसेवेचा इतका प्रत्यक्ष पुरावा विधिमंडळाच्या कामकाजातही सहसा सापडत नाही. मदतीची रक्कम खात्यात येण्यापूर्वी शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचणारी ही एकमेव योजना होय, आणि तिला कागदपत्रे लागत नाहीत.

तेव्हा इच्छुकांस एवढीच विज्ञापना की फ्लेक्स अवश्य छापावेत, पण कापड थोडे जाड घ्यावे, लांबीरुंदी कडब्याच्या गंजीचे माप घेऊन ठरवावी, आणि चारी बाजूंना दोरी ओवण्यासाठी भोके ठेवावीत. शुभेच्छुकांची छायाचित्रे मात्र काठाला छापू नयेत. गंज बांधताना काठ खाली दुमडला जातो, आणि एवढा खर्च करणारे कार्यकर्ते मग विनाकारण रुष्ट होतात.